गाजर-मुळ्यासाठी परसबागेची जमीन तयार करताना

मुळा, गाजर आणि बीट ही पिके करण्यास सोपी समजली जातात. बी टाकले, पाणी दिले, दोन महिन्यांनी उपटले, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात उपटल्यावर हाती येते ते दोन-तीन फाटे फुटलेले, केसाळ आणि करंगळीएवढे गाजर. अशा वेळी आपण बियाण्याला दोष देतो. पण बहुतेक वेळा दोष बियाण्याचा नसून एक फूट खोलीवरच्या जमिनीचा असतो.

गाजराचे मूळ सरळ खाली जाते. बी उगवल्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ते आपली खोली गाठते आणि जाडी नंतर भरते. या काळात मुळाच्या टोकाला खडा, ढेकूळ किंवा कडक थर आडवा आला की टोक तेथेच थांबते आणि बाजूने फाटे फुटतात. नंतर कितीही खत-पाणी दिले तरी मोडलेले टोक जुळत नाही. म्हणून या पिकांत पेरणीनंतरच्या कामापेक्षा पेरणीपूर्वीच्या कामाला अधिक महत्त्व आहे.

जमिनीची ओळख

दिघी, भोसरी, चऱ्होली या पट्ट्यात दोन प्रकारच्या जमिनी सापडतात. टेकडीच्या अंगाला हलकी, मुरमाड जमीन असते. तेथे वीतभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली कातळ लागतो. इंद्रायणीच्या बाजूला मात्र खोल, काळी, चिकण जमीन आहे. त्यात आता तिसऱ्या प्रकारची भर पडली आहे. दिघी गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आले. शेताचे गुंठे झाले, घरे उठली आणि घरामागे जी मोकळी जागा उरली तिच्यात विटांचे तुकडे, सिमेंटची खपली, चुना असा राडारोडा मिसळला. सिमेंट-चुन्यामुळे मातीचा सामू वाढतो. गाजराला 6 ते 7 सामू मानवतो, बीट त्याहून थोडा अधिक सहन करते. म्हणून अशा जागेत पहिल्या वर्षी बीट घेणे शहाणपणाचे.

आपली जमीन कोणती हे घरच्या घरी पाहता येते. चांगला पाऊस झाल्यावर दुसऱ्या दिवशी बोटाएवढ्या जाडीची लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबावी. चार-पाच ठिकाणी ती किती खोल जाते ते पाहावे. एक फूट सहज गेली तर जमीन चांगली आहे. सहा इंचांवर अडली तर पुढचे काम आपल्यालाच करायचे आहे.

मातीचा नमुना अवश्य तपासून घ्यावा. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांची माती एकत्र करावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत, असे अर्धा किलो माती उरेपर्यंत करावे. मुळांच्या पिकांसाठी खालच्या थराचा, म्हणजे वीत ते दोन वीत खोलीचा, वेगळा नमुना काढावा. तो सहसा कोणी काढत नाही, पण गाजर वाढते ते तेथपर्यंत.

मशागत

एप्रिल-मे महिन्यात जागा खणावी. एका कडेला दोन फूट रुंद आणि एक फूट खोल चर काढावा व त्याची माती बाजूला ठेवावी. चराचा तळ टिकावाने आणखी अर्धा फूट सैल करावा, पण खालचा मुरूम वर आणू नये. मग शेजारचा दुसरा चर खणून त्याची माती पहिल्यात टाकावी. असे करीत शेवटपर्यंत जावे व पहिल्या चराची माती शेवटच्या चरात भरावी. खणताना खडे, काचा, खिळे वेचावेत. काम अंगमोडीचे आहे, एक गुंठ्याला घरच्या दोन माणसांना चार-पाच दिवस लागू शकतात. मात्र एकदा नीट केले की पुढील वर्षी एवढे कष्ट पडत नाहीत. खणलेली जमीन उन्हात तापू द्यावी. हुमणीच्या अळ्या व सूत्रकृमी यामुळे कमी होतात.

जेथे कातळ फूटभरावरच लागतो तेथे खाली खणण्याचा हट्ट धरू नये. वेचलेल्या दगडांचीच बांधणी करून एक मीटर रुंद व एक फूट उंच गादीवाफा भरावा.

वाफा भरण्यासाठी ट्रकभर काळी माती विकत घेण्याची पद्धत पडली आहे. ती मुरमावर नुसती पसरली तर पावसात चिखल आणि उन्हात भेगा, असा अनुभव येतो. काळी माती आणायचीच तर जागेवरच्या मुरमाड मातीत मिसळूनच वापरावी. फाउंड्रीतून टाकून दिलेली काळी वाळू फुकट मिळाली तरी भाजीच्या वाफ्यात घालू नये. तिच्यात रसायने व धातूचे अंश असू शकतात आणि आपण तर मूळच खातो.

खत

पालखी दिघीवरून पुण्याकडे गेली की, म्हणजे साधारण जूनमध्ये, गुंठ्याला अर्धा किलो तागाचे बी फेकावे. फुलावर येताच, सुमारे 45 दिवसांनी, ताग कापून मातीत गाडावा आणि महिनाभर कुजू द्यावा. सप्टेंबरमध्ये गुंठ्याला 200 ते 250 किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे.

'पूर्ण कुजलेले' या शब्दांकडे दुर्लक्ष करू नये. एका वर्षी घाईत आम्हीही अर्धवट कुजलेले शेण घातले. पाला कमरेपर्यंत आला, शेजारी कौतुक करून गेले आणि काढणीला निघाल्या त्या केसाळ शेपट्या! ताज्या शेणाने पाला माजतो आणि मुळांना फाटे फुटतात. हातात घेतलेल्या खताला वास नसावा, ते भुसभुशीत असावे.

गाजरासाठी हेक्टरी 80 किलो नत्र, 60 किलो स्फुरद व 60 किलो पालाश धरल्यास गुंठ्याला युरिया पावणेदोन किलो, सिंगल सुपर फॉस्फेट पावणेचार किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश एक किलो लागते. माती परीक्षणानुसार यात फरक करावा. निम्मा युरिया व इतर दोन्ही खते वाफे करताना द्यावीत. उरलेला युरिया महिन्याने द्यावा.

पेरणीच्या दिवशी

ऑक्टोबरात वाफसा आल्यावरच वाफ्यात हात घालावा. मूठभर माती दाबून गोळा करावा व कंबरेच्या उंचीवरून टाकावा. फुटला तर वाफसा आहे, चपटा झाला तर दोन दिवस थांबावे. ओल्या चिकण मातीत चाललेले एक पाऊलही खाली कडक थर करून ठेवते, म्हणून वाफ्यावर पाय देऊ नये.

वरचे दोन इंच चाळलेले असावेत. एक फूट अंतराने रेघा ओढून अर्धा इंच खोलीवर बी टाकावे. गाजराचे बी उगवण्यास दहा ते पंधरा दिवस घेते आणि तोवर चिकण मातीवर पापुद्रा धरला तर कोंब वर येत नाहीत. त्यासाठी बी मातीऐवजी चाळलेल्या शेणखताने झाकावे व वर ओले गोणपाट अंथरावे. पहिले कोंब दिसताच, शक्यतो संध्याकाळी, गोणपाट काढून घ्यावे. पाणी बोअरचे किंवा नळाचे द्यावे. कच्च्या खाण्याच्या पिकाला ओढ्या-नाल्याचे सांडपाणी देऊ नये.

रोपे बोटभर झाल्यावर दोन रोपांत तीन इंच अंतर ठेवून विरळणी करावी. उपटलेली रोपे दुसरीकडे लावण्याचा मोह होतो, पण त्यांची टोके मोडलेली असतात. ती सरळ गोठ्यात किंवा खताच्या खड्ड्यात टाकावीत.