स्वाक्षरीचें पारदर्शक चित्र

कागदावरील सही स्कॅनरनें टिपून संगणकांतील दस्तऐवजावर ठेविली, तर तिच्याभोंवतीं पांढरा चौकोन दिसतो व खालचा मजकूर झांकतो. असें कां व्हावें? स्कॅनर शाईबरोबर कागदहि टिपतो. प्रत्येक बिंदूस लाल, हिरवा व निळा यांचे तीन अंक मिळतात. शुभ्र बिंदूचे तिन्ही २५५. ‘पीएनजी’ चित्रांत पारदर्शकतेचा चौथा अंकहि ठेवतां येतो : ० म्हणजे अदृश्य, २५५ म्हणजे पूर्ण दृश्य. ‘जेपेग’ चित्रांत तो नसतो.

म्हणून आम्ही कोऱ्या कागदावर काळ्या शाईनें सही करतों, इंचास ३०० बिंदू या मानानें टिपतों, व ‘गिंप’ या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्यें पांढऱ्या रंगाचें पारदर्शकतेंत रूपांतर करतों. कडेचे करडे बिंदू अर्धपारदर्शक झाल्यानें सहीची कड मऊ राहते. शेवटीं चित्र पीएनजी म्हणूनच जतन करावें.

मात्र विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हें चित्र ज्याच्या हातीं लागेल, तो तें कोठेंहि उमटवूं शकेल. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यांतील डिजिटल स्वाक्षरी निराळी. ती गुप्त किल्लीनें होते व दस्तऐवजांत मागाहून केलेला फेरफार उघड करते. चित्रास तें सामर्थ्य नाहीं. यास्तव तें जपून ठेवावें. आणि वडिलांची सही त्यांच्या संमतीवांचून उमटविणें, ती कितीहि सुबक दिसो, खोटेपणाच होय.