सॉकेटात बसला, पण चालला नाही

माझा छोटा डेस्कटॉप कुठल्याशा कार्यालयाने मोडीत काढलेला. मॉनिटरच्या पाठीमागे सहज लपतो. आत इंटेलचा सहाव्या पिढीचा आय3-6100टी, दोनच कोअरचा. पत्रं, हिशेब यांना पुरेसा. पण मुलगी व्हिडिओ जोडायला बसली की त्याचा जीव जायचा. नवं यंत्र घेण्यापेक्षा प्रोसेसर बदलू, असं घरात ठरलं.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने आठव्या पिढीचा आय5 पुढे केला. ‘‘साहेब, सॉकेट 1151च आहे, डोळे झाकून लावा.’’ लावला. खाचासुद्धा बरोबर जुळल्या. बटण दाबल्यावर पंखा फिरला, स्क्रीन मात्र काळाच. आठवी पिढी 2017 साली डेस्कटॉपवर आली तेव्हा इंटेलने सॉकेटचा आकार आणि आकडा तोच ठेवला, पण काही पिनांची कामं बदलली आणि 300 मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. रोज प्रोसेसर विकणाऱ्याला हे ठाऊक नसावं, याचं मला अजून नवल वाटतं. पावती होती म्हणून बदलून मिळाला. (जुना माल घेतानाही पावती सोडू नका.)

बदल्यात आला आय7-6700. पिढी सहावीच, त्यामुळे यंत्र सुरू झालं. पण हा प्रोसेसर 65 वॅटचा आणि माझ्या डब्याचा हीटसिंक 35 वॅटच्या हिशेबाने केलेला. व्हिडिओ तयार व्हायला लागला की पंखा किंचाळायचा, तापमान चढायचं आणि प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करायचा. मोठ्या कॅबिनेटमध्ये जाडजूड कूलर लावून हे निभतं. इथे जागाच नाही. शेवटी आय7-6700टी घेतला. चार कोअर, आठ थ्रेड, 35 वॅट. कागदावर त्याचा मूळ वेग 2.8 गीगाहर्ट्झ, म्हणजे माझ्या जुन्या आय3च्या 3.2पेक्षाही कमी. तरी व्हिडिओचं काम झपाट्याने होतं आणि पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही. छोट्या डब्यासाठी खरेदी करताना गीगाहर्ट्झच्या आधी वॅट बघा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘टी’ असला की तो कमी विजेवर चालणारा.

तुमच्या नेमक्या मॉडेलला कोणते प्रोसेसर चालतात, याची यादी कंपनीच्या कागदपत्रांत शोधा. दुकानदाराच्या शब्दापेक्षा ती खरी. बायोस अपडेट करायचा तर जुना प्रोसेसर आत असतानाच करा. सहाव्या पिढीच्या बोर्डावर सातव्या पिढीचा प्रोसेसर चढवायचा असेल तर बहुधा करावाच लागतो, आणि नवा बसवून यंत्र सुरूच झालं नाही तर अपडेट करणार कसा? या सॉकेटच्या पिना बोर्डावर असतात. एक वाकली तरी बोर्ड गेला समजा, म्हणून तिथे बोट नको. जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी पुरे.

त्याआधी टास्क मॅनेजर उघडून अडतंय कुठे ते पाहा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडकली असेल तर प्रोसेसरला हात लावू नका, एसएसडी घाला. रॅम भरत असेल तर रॅम वाढवा. छोट्या डब्यांत ती बहुधा लॅपटॉपची लागते.

आणि विंडोज 11साठी हा खटाटोप करत असाल तर थांबा. विंडोज 10चं नेहमीचं सहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपलं, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज 11 अधिकृतपणे जवळजवळ आठव्या पिढीपासूनच चालतं. सहाव्या पिढीच्या बोर्डावर आठवी चढत नाही. तेवढ्यासाठी सरळ आठव्या पिढीचं यंत्रच घ्या.