टचस्क्रीन मुकी झाली? आधी बेल मोजा

समजा, हॅरोच्या घरात दिवसभर एकट्या असणाऱ्या आईसाठी तुम्ही रास्पबेरी पायला टचस्क्रीन जोडून छोटं यंत्र बनवलंय. मावशीच्या फोटोवर बोट ठेवलं की पुण्याला व्हिडिओ कॉल लागतो. एका सकाळी चित्र स्वच्छ दिसतंय, पण बोटाला प्रतिसाद नाही. नवी स्क्रीन मागवायची, की ड्रायव्हरचा कोड तपासत बसायचं? त्याआधी एक आकडा वाचा.

बेल म्हणजे काय?

पार्सल येणार असेल तर दर मिनिटाला दार उघडून बघता येतं. याला पोलिंग म्हणतात. किंवा बेल वाजेपर्यंत आपण पोळ्या लाटत राहतो. हा झाला इंटरप्ट. स्क्रीनला बोट लागलं की बहुतेक कंट्रोलर चिप एका स्वतंत्र तारेवरचं व्होल्टेज खाली ओढतात. प्रोसेसर हातातलं काम थांबवून ड्रायव्हरला हाक मारतो. ड्रायव्हर 'आय-टू-सी' या दोन तारांच्या जोडणीवरून बोट कुठे आहे ते वाचतो आणि चिप ती तार सोडते.

ही बेल दोन प्रकारे ऐकता येते. 'एज' पद्धतीत बटण दाबलं गेलं तो क्षणच मोजला जातो. 'लेव्हल' पद्धतीत बटण दाबलेलं असेपर्यंत बेल वाजत राहते. पुढचे बरेच घोटाळे या फरकातून होतात.

आकडा कुठे दिसतो?

लिनक्समध्ये 'प्रॉक' फोल्डरात 'इंटरप्ट्स' नावाची फाइल असते. प्रत्येक ओळीत एका इंटरप्टचं नाव आणि यंत्र सुरू झाल्यापासून तो किती वेळा आला ते असतं. फाइल वाचा, स्क्रीनला दहा वेळा बोट लावा, पुन्हा वाचा.

१. ओळच नाही. ड्रायव्हर सुरूच झाला नसेल. कर्नलचे संदेश तपासा. पण ही स्क्रीन पोलिंगवर चालते का तेही बघा. रास्पबेरी पायच्या २०१५ सालच्या अधिकृत ७ इंची स्क्रीनची इंटरप्ट तार प्रोसेसरपर्यंत येतच नाही. तिच्यासाठी लिहिलेला लिनक्स ड्रायव्हर दर १७ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला सुमारे ५९ वेळा, स्वतःच विचारतो. तिथे ओळ नसणं हा बिघाड नव्हे.

२. ओळ आहे, आकडा हलत नाही. मल्टिमीटर लावा. इंटरप्टच्या तारेवर एरवी सुमारे ३.३ व्होल्ट दिसायला हवेत. बोट फिरवताना ते खाली येत असतील, तर चिप बेल वाजवतेय, पण 'डिव्हाइस ट्री'मध्ये पिनचा क्रमांक किंवा बेलचा प्रकार चुकलाय. येत नसतील, तर केबल, वीजपुरवठा आणि रीसेटची तार तपासा.

३. आकडा एकाने वाढून थांबतो. तार खालीच अडकली असेल. ड्रायव्हरने माहिती वाचली नाही, म्हणून चिपने तार सोडली नाही. आणि 'एज' पद्धतीत तार वर गेल्याशिवाय नवी बेल नाही. चिपच्या माहितीपत्रकात चालत असेल तर 'लेव्हल' निवडा.

४. बोट न लावता आकडा लाखांत. एक तर तार सैल आहे, नाहीतर 'लेव्हल' असूनही चिपमधली खूण पुसली जात नाही. शेवटच्या १,००,००० इंटरप्टपैकी ९९,९०० हून अधिक कुणीच आपले म्हटले नाहीत, तर लिनक्स ती तार बंद करतो आणि 'नोबडी केअर्ड' असा संदेश लिहितो.

५. आकडा नीट वाढतो. बेल ठणठणीत आहे. दोष पुढे शोधा: 'आय-टू-सी'वरच्या वाचनात किंवा ॲपमध्ये.

ड्रायव्हर स्वतः लिहीत असाल तर

'आय-टू-सी'वरून वाचताना थांबावं लागतं, आणि इंटरप्टच्या मूळ फंक्शनमध्ये थांबायला परवानगी नसते. म्हणून वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये करा आणि 'वनशॉट' हा पर्याय द्या, म्हणजे वाचन संपेपर्यंत बेल दाबून ठेवली जाते. मूळ फंक्शन न देता फक्त थ्रेड दिलात आणि 'वनशॉट' विसरलात, तर कर्नल सहसा तुमची विनंतीच नाकारतो.

या तपासणीला पाचेक मिनिटं लागतात आणि मल्टिमीटर सोडला तर काहीच विकत घ्यावं लागत नाही. दुसऱ्या किंवा चौथ्या प्रकारात अनेकदा केबल काढून नीट बसवली तरी भागतं. नव्या स्क्रीनची ऑर्डर देण्याआधी एवढं नक्की करा. कदाचित दुपारच्या आतच आईचा मावशीला कॉल लागेल.