चार पर्याय, एक उत्तर

स्पर्धा परीक्षेसाठी लासूर स्टेशनहून रेल्वेने छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या तरुणांची परतीची खंत बहुधा एकच असते : विषय ठाऊक होता, परंतु दोन पर्यायांत मन अडकले. उत्तरपत्रिकेवर उमटते ते एक काळे वर्तुळ. त्यामागील विचार कोणासही दिसत नाही.

जलद व निःपक्षपाती तपासणीसाठी अमेरिकेत १९१५ च्या सुमारास फ्रेडरिक केली यांनी ही पद्धती रूढ केली. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची राज्यसेवा मुख्य परीक्षा २०१२ मध्ये बहुपर्यायी झाली. २०२५ पासून ती पुन्हा वर्णनात्मक करण्याचे ठरले. पूर्वपरीक्षा मात्र बहुपर्यायीच आहे आणि तीत चुकीच्या उत्तरास सामान्यतः एक चतुर्थांश गुण वजा होतात.

याचे गणित पाहू. सोयीसाठी प्रत्येक प्रश्नास एक गुण धरू. १६ प्रश्न निव्वळ अंदाजाने सोडविल्यास सरासरीने ४ बरोबर, १२ चूक. ४ मधून ३ वजा होऊन हाती १ गुण. प्रत्येक प्रश्नातील दोन चुकीचे पर्याय विचारपूर्वक बाद करता आले, तर ८ बरोबर, ८ चूक. ८ मधून २ वजा, म्हणजे ६ गुण.

अर्थात, अर्धवट ज्ञानही वाया जात नाही. ते वापरण्याची सवय हवी. म्हणून शिक्षकांनी सराव घेताना ‘बरोबर कोणते?’ एवढेच न विचारता ‘उरलेली तीन चूक का?’ हेही वदवून घ्यावे. ग्रामपंचायतींनी वाचनालयांत प्रश्नसंचांच्या जोडीला मूळ पाठ्यपुस्तके ठेवावीत. पर्याय पाठ करून नव्हे, विषय समजूनच ही निराशा ओसरेल.