पथ्यापथ्य आणि आहाराची उपलब्धता : सुधागड परिसरातील काही निरीक्षणे

आहारविधीचा विचार करताना चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आयतने सांगितली आहेत. वैद्यबंधूंना ती मुखोद्गत आहेत. परंतु बाजारात मिळणारी छापील पथ्यपत्रके पाहिली, तर त्यांत द्रव्याच्या गुणांचाच विचार प्रामुख्याने आढळतो. जुने तांदूळ, मूग, गाईचे तूप, डाळिंब, दूध ही यादी शास्त्राला धरून आहे, यात शंका नाही. मात्र ती ज्याच्या हाती द्यावयाची, त्याच्या घरी यांपैकी काय शिजते हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

पाली हे श्रीबल्लाळेश्वराचे क्षेत्र म्हणून सर्वत्र ज्ञात आहे. बाजारपेठेत पेढे, लाडू, फरसाण यांना तोटा नाही. तेथून अर्ध्या तासाच्या वाटेवर कातकरी व ठाकूर बांधवांच्या वाड्या आहेत. चरक सूत्रस्थानातील संतर्पणीय अध्यायात संतर्पणोत्थ व अपतर्पणोत्थ असे दोन्ही व्याधिवर्ग एकत्र वर्णिले आहेत. आमच्या रुग्णालयाच्या बाकावर हे दोन्ही वर्ग शेजारी शेजारी बसलेले असतात.

कातकरी समाजाचे नावच मुळी खैरापासून कात काढण्याच्या व्यवसायावरून पडले. शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत या समाजाचा समावेश केला आहे. पूर्वी डोंगरउतारावरील दळी जमिनीत नाचणी, वरी पिकत असे. रानातून कंद, मध, शिकार मिळे. जंगलावरील निर्बंध वाढले, दळी उणावली आणि अनेक कुटुंबे वीटभट्टी व कोळसाभट्टीकडे वळली. दिवाळीनंतर मालकाकडून उचल घेऊन कुटुंब मुलाबाळांसह बाहेर पडते व पावसाच्या तोंडावर परतते. भट्टीवर आठवड्याची जी खर्ची मिळते, तीत तांदूळ, मीठ, मिरची, चहा, साखर एवढेच भागते. हंगामाअखेर उचल वळती होऊन हाती थोडेच उरते.

यानंतर येतो तो वर्षाकाल. आवणी आटोपली की भातकापणीपर्यंत हाताला काम कमी. ऋतुचर्येनुसार या काळात अग्नी मंद असतो, म्हणून लघु व अल्प आहार, प्रसंगी लंघन, असा उपदेश आपण करतो. ज्याने उन्हाळाभर गोडधोड सेवन केले त्यास तो योग्यच आहे. परंतु ज्या गर्भिणीच्या घरी श्रावणात दोन वेळा नुसता भातच शिजतो, तिला हाच उपदेश करणे म्हणजे अपतर्पणावर अपतर्पण होय. तिच्या पांडुतेचे, भ्रमाचे, पिंडिकोद्वेष्टनाचे निदान नाडीइतकेच चुलीजवळच्या डब्यांत शोधावे लागते. दीर्घकाळच्या क्षीणतेत बृंहणही एकदम नव्हे, तर देह, अग्नी, दोष, मात्रा व काल पाहून हळूहळू करावे, हा शास्त्राचा इशाराही विसरून चालणार नाही.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्यानुसार अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो, तर प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य दिले जाऊ लागले. यामुळे उपासमार टळली, हे मोठेच कार्य आहे. तथापि हे धान्य मुख्यत्वे तांदूळ व गहू. राशी भरून निघाली, संयोग राहिला. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास. ज्या घरात दूध येत नाही, तेथे नाचणी जाऊन केवळ तांदूळ आल्याने काय घडते, हे बाळंतिणीच्या कंबरदुखीत दिसते. स्थलांतरितांनी हेही जाणून घ्यावे की 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत भट्टीजवळच्या दुकानातूनही आपला शिधा घेता येतो. ही माहिती रुग्णास देणे आम्ही चिकित्सेचाच भाग मानतो.

उपलब्ध द्रव्यांतून पथ्य उभे करावयाचे तर या भूमीत साधने पुष्कळ आहेत. पहिल्या पावसात शेवळे येतात. ते नुसते खाल्ल्यास घशाला खाज सुटते, म्हणून वाडीतल्या स्त्रिया त्यात काकडाची आंबट फळे घालतात. करण व संयोग शिकविण्यास याहून उत्तम उदाहरण आम्हांस ठाऊक नाही! टाकळा, फोडशी, भारंगी, कंटोली या भाज्या, वलगणीचे मासे, मुठे, उन्हाळ्यात साठविलेली सुकट ही सारी वर्षाकालातील बलदायी द्रव्ये होत. सुकट मात्र शोथाच्या व रक्तदाबाच्या रुग्णाने टाळावी. चरकांनी अतिलवणसेवनाचा निषेध केलाच आहे.

वालाबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. भातानंतरच्या ओलीवर रायगड जिल्ह्यात वाल उत्तम येतो. निष्पाव हा गुरु, विदाही व वातकर म्हणून पथ्यपत्रकातून तो सरसकट वगळला जातो. परंतु आपल्याकडे वाल भिजवून, मोड आणून, सोलून त्याच्या डाळिंब्या करतात. त्यांत हिंग, ओवा, आमसूल पडते. एवढ्या संस्कारानंतर मूळ द्रव्याचे दोष पूर्वीसारखे राहत नाहीत. अग्नी बरा असलेल्या कृश रुग्णास अल्प मात्रेत त्या द्याव्यात, असे आमचे मत आहे. उलट नाचणीचा सध्या जो उदोउदो चालला आहे, तो तारतम्याने घ्यावा. ती रूक्ष आहे. वातप्रधान, कृश व्यक्तीस कोरडी भाकरी न देता तिच्याबरोबर तिळाचे तेल किंवा कारळ्याची चटणी सुचवावी.

दुसऱ्या टोकाला प्रमेहाचे रुग्ण आहेत. कारखान्यात बैठे काम, वडापाव, गोड चहा, रात्री उशिरा भरपेट भात हा त्यांचा दिनक्रम. प्रमेहचिकित्सेत सुश्रुताचार्यांनी निर्धनास पायी दूरचा प्रवास, तर धनवानास श्यामाक व नीवार यांवर निर्वाह सांगितला आहे. रुग्णाची ऐपत पाहून चिकित्सा बदलावी हा विचार संहितेतच आहे. ऐपतदार रुग्णास वरी, नाचणी जरूर लिहावी. आणि ती वाडीतल्या शेतकऱ्याकडून विकत घ्यावयास सांगावे.

औषधालयचालकांस एक विनंती. अशक्ततेची तक्रार घेऊन मजूर बाई आली की टॉनिकची बाटली पुढे करण्याचा मोह होतो. त्या बाटलीच्या किमतीत घराला काही दिवस पुरेल एवढे कडधान्य येते. मंडूर अथवा लोहकल्प वैद्यांनी लिहिले असतील, तर ते चहाबरोबर घेऊ नयेत, एवढे आवर्जून सांगावे. अनुपान म्हणून तूप व मध लिहिलेले असून ते घरी नाही असे कळल्यास रुग्णास रिक्त हस्ते परत न पाठविता वैद्यांना दूरध्वनी करावा. आवळ्याचे किंवा आमसुलाचे पाणी चालेल काय, हे ते प्रकृती पाहून सांगतील.