आठवड्याची ती एक गोळी

अगं, आधी तो मोबाईल खाली ठेव बघू. ‘मेथोट्रेक्सेट म्हणजे कॅन्सरचं औषध’ एवढं वाचून रात्रभर जागलीस ना? खरं सांगू का, ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. कॅन्सरला ते मोठ्या मात्रेत देतात. आमवाताला अगदी थोडं, तेही आठवड्यातून एकदाच. आणि ते तयार करण्यात मोठा वाटा कुणाचा, तर आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूचा! १९८०च्या दशकातल्या चाचण्यांत ते आमवाताला लागू पडलं आणि आजही बहुतेक उपचार त्यानंच सुरू होतात.

रोज मात्र ही गोळी चुकूनही घ्यायची नाही हं, ते धोक्याचं. वार ठरव, कालनिर्णयवर खूण कर. फॉलिक अ‍ॅसिड, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या, सगळं वेळच्या वेळी. मुलाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांग, लाजू नकोस. गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून मध्येच सोडू नकोस.

‘माझंच काय चुकलं?’ म्हणतेस. काही नाही गं! थंड पाण्यात भांडी घासून हे होत नाही. दारातला कुत्रा घरच्यांवरच धावून जावा, तशी आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. थोडा अनुवंश, थोडा धूम्रपानाचा हात. पुरुषांपेक्षा बायकांना दुपटी-तिपटीनं जास्त. काहींच्या रक्तात आमवाताच्या खुणा दुखणं सुरू होण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असतात. मला झालं तेव्हा मीही खाण्याला दोष देत वांगी-बटाटे बंद करून बसले होते. दुखणं तसंच राहिलं, नवरा तेवढा रुसला.

स्टेरॉइडनं चार दिवसांत बरं वाटेल, पण त्यावर भाळू नकोस. १९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी कॉर्टिसोन दिलं आणि जागेला खिळलेली बाई चालू लागली. १९५० साली नोबेलही मिळालं. दुष्परिणाम कळले ते नंतर. म्हणून ते थोडेच दिवस, आणि बंद करायचं तेही डॉक्टर सांगतील तसंच.

आणि गोळी पुरली नाही तर? बघ, लंडनला फेल्डमन आणि मैनी यांनी १९९२ साली सूज भडकवणाऱ्या टीएनएफ नावाच्या एकाच रेणूला अडवून पाहिलं, आणि रुग्णांना आराम पडला. त्यातूनच पुढची इंजेक्शनं आली. महाग आहेत, पण वाट आहे.

आता पुढच्या वेळी नुसतं ‘दुखतं’ म्हणू नकोस. सकाळी बोटं किती वेळ आखडलेली असतात, कुकरचं झाकण कधी लावता येतं, ते लिहून ने. डॉक्टर तेच विचारतात.