प्लगइनचे अपडेट अडले असता शिक्षकाने काय करावे



हजेरीपत्रक, जनरल रजिस्टर व आवक-जावक नोंदवही यांची निगा कशी राखावी, हे आपणांस अध्यापक विद्यालयात शिकविले गेले. शाळेच्या संकेतस्थळाची निगा कशी राखावी, हे मात्र आपल्यापैकी बहुतेकांना कोणी शिकविलेले नाही. ज्या शाळांनी लोकवर्गणीतून स्वतःचे संकेतस्थळ उभारले आहे, तेथे हे काम एखाद्या उत्साही शिक्षकाकडे येते आणि सर्व काही सुरळीत असेपर्यंत ते सोपे वाटते. अपडेट अर्ध्यावर अडले आणि पडदा कोरा झाला, म्हणजे मात्र त्या शिक्षकाची झोप उडते. अशा प्रसंगी कोणत्या क्रमाने विचार करावा, हे या पाठात पाहावयाचे आहे.

एक प्रसंग

दिवाळी जवळ आलेली होती आणि गावातील ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या तयारीत होत्या. एका शाळेने आपल्या संकेतस्थळावर एक साधा अर्ज ठेवला होता. जी मुले आईबापांबरोबर न जाता हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांपाशी राहणार, त्यांची नोंद त्यात करावयाची होती. सकाळी मुकादमाच्या ओट्यावर बसून गुरुजींनी कित्येक पालकांकडून मोबाइलवर तो अर्ज भरून घेतला. सायंकाळी डॅशबोर्डवर काही प्लगइनची अपडेट आलेली दिसली, म्हणून त्यांनी कळ दाबली. क्षणार्धात संकेतस्थळ नाहीसे होऊन त्या जागी ‘गंभीर त्रुटी’ असल्याचा संदेश आला.

एका हितचिंतकाने सल्ला दिला, की काल रात्रीची राखीव प्रत परत बसवा, म्हणजे काम झाले. सल्ला प्रामाणिक होता. परंतु काल रात्रीच्या प्रतीत आज सकाळचे अर्ज नव्हते. ती प्रत बसविली असती तर संकेतस्थळ उभे राहिले असते, पण त्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या आणि पहाटे टोळी ट्रॅक्टरमध्ये बसून निघून गेली असती. गुरुजींनी मला दूरध्वनी केला, तेव्हा मी एवढेच म्हणालो, “गुरुजी, आधी काही परत बसवू नका. काय बिघडले ते अगोदर पाहू.” पाऊण तासात संकेतस्थळ चालू झाले. दोष अर्जाच्या प्लगइनमध्ये नव्हताच, तो छायाचित्रांच्या दालनाच्या प्लगइनमध्ये होता. अर्ज जसेच्या तसे राहिले. ते कसे साधले, हे पुढे येईल.

यंत्राची रचना

पुष्कळ लहान संकेतस्थळे वर्डप्रेस या मुक्त प्रणालीवर चालतात. मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी तिची पहिली आवृत्ती २७ मे २००३ रोजी प्रसिद्ध केली. ती मराठीतही वापरता येते. वर्डप्रेस म्हणजे ट्रॅक्टर असे समजले, तर प्लगइन म्हणजे त्याच्यामागे जोडावयाची औजारे होत. नांगर वेगळा, रोटाव्हेटर वेगळा, पेरणीयंत्र वेगळे. एकाचा निर्माता दुसऱ्यास ओळखतोच असे नाही. ट्रॅक्टर तोच राहून एखादे औजार बदलले आणि ते नीट बसले नाही, तर सगळे काम थांबते; परंतु म्हणून इंजिन खराब झाले असे होत नाही.

व्यवस्थापित होस्टिंग म्हणजे झाडलोट, पाणी व राखण यांची जबाबदारी घरमालकाने उचललेले भाड्याचे घर होय. सर्व्हरची देखभाल, रोजची राखीव प्रत व पुष्कळदा सरावासाठी वेगळी प्रत, म्हणजे स्टेजिंग, हे सारे कंपनी पाहते. त्याबरोबर मालकाच्या काही अटीही येतात. काही कंपन्या विशिष्ट प्लगइन बसवू देत नाहीत, तर काही कंपन्या अपडेट आपल्या हाती ठेवतात. म्हणून कळच दिसत नसेल, तर तो बिघाड न समजता प्रथम कंपनीचे नियम वाचावेत.

अपडेट होते ते कसे

कळ दाबल्यावर सर्व्हर नव्या आवृत्तीचे गाठोडे उतरवून घेतो व तात्पुरत्या जागी उघडतो. क्षणभर संकेतस्थळ देखभालीच्या स्थितीत जाते. जुना फोल्डर बाजूला होतो, नवा त्या जागी येतो व देखभालीची खूण काढली जाते. यांपैकी कोणत्या पायरीवर काम थांबले, हे ओळखणे म्हणजेच निदान.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. गाठोडे आपल्या मोबाइलमधून जात नाही. ते सर्व्हरकडून सर्व्हरकडे जाते. म्हणून ‘गाठोडे उतरविता आले नाही’ असा संदेश आला असता नेटवर्कसाठी बालाघाटाच्या माथ्यावर चढण्यात अर्थ नाही. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा व तोच संदेश आल्यास कंपनीस कळवावे. काम चालू असताना पान बंद करू नये, एवढे पथ्य मात्र आपण पाळावे.

लक्षणे व उपाय

१. ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ हा संदेश हटत नाही. काम मध्येच तुटून देखभालीची खूण मागे राहिली, असा याचा अर्थ. ही खूण म्हणजे मुख्य फोल्डरातील एक लहानशी फाइल असून तिचे नाव ‘मेंटेनन्स’ या इंग्रजी शब्दाचे आहे व त्याच्या आधी टिंब असते. दहा मिनिटे उलटल्यावर वर्डप्रेस स्वतःच तिच्याकडे दुर्लक्ष करते. म्हणून प्रथम घड्याळ पाहावे. त्यानंतरही संदेश राहिल्यास कंपनीच्या पॅनलमधून कॅशे, म्हणजे पानांची साठवलेली नक्कल, पुसावी. तरीही न हटल्यास फाइल मॅनेजरमधून तेवढीच फाइल काढावी.

२. ‘फोल्डर करता आला नाही’ किंवा ‘फाइल उतरविता आली नाही’. जागा संपली आहे किंवा लिहिण्याची परवानगी नाही, अशी दोनच कारणे बहुधा असतात. स्नेहसंमेलनाची मोठी छायाचित्रे जागा खातात. पॅनलमध्ये उरलेली जागा पाहावी. जागा असूनही अडत असेल, तर परवानग्यांना आपण हात न लावता कंपनीस सांगावे.

३. ‘अपडेटचे गाठोडे उपलब्ध नाही’. विकत घेतलेल्या प्लगइनचा परवाना संपला असता असे होते. परवान्याची तारीख वार्षिक खर्चाच्या यादीत लिहून ठेवणे हाच उपाय.

४. ‘पीएचपीची नवी आवृत्ती हवी’. पीएचपी ही वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिले आहे ती संगणकीय भाषा होय. सर्व्हरवरील तिची आवृत्ती जुनी असेल, तर वर्डप्रेस स्वतःच अपडेट अडविते. पॅनलमधून आवृत्ती बदलता येते. परंतु तिच्यावर सर्वच प्लगइन अवलंबून असल्यामुळे हा बदल आधी सरावाच्या प्रतीवर करून पाहावा.

५. अपडेट झाले, पण पान जुनेच दिसते. हा बिघाड नव्हे. कॅशे पुसून ब्राउझरच्या खाजगी खिडकीत पान उघडून पाहावे.

६. ‘गंभीर त्रुटी’ अथवा कोरा पडदा. नव्या आवृत्तीतील एखादी आज्ञा सर्व्हरला समजली नाही, किंवा दोन प्लगइनचे जमले नाही. आपल्या प्रसंगातील दोष हाच होता. दालनाच्या नव्या आवृत्तीस नवी पीएचपी हवी होती. पण निर्मात्याने ती अट जाहीर केली नसल्यामुळे वर्डप्रेसने अडविले नाही.

गंभीर त्रुटीवरील उपाययोजना

वर्डप्रेसच्या ५.२ या आवृत्तीत, २०१९ साली, एक चांगली सोय आली. अशी त्रुटी घडताच व्यवस्थापकाच्या ईमेलवर एक दुवा जातो. तो उघडून आत शिरले, की बिघडलेली प्लगइन तेवढी थांबविता येते. दुव्याची मुदत सामान्यतः एका दिवसाची असते. आपल्या प्रसंगात हे पत्र वेळेवर निघालेही. परंतु ते गेले कोठे? तीन वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या मुख्याध्यापकांच्या खाजगी पत्त्यावर! कपाटाची किल्ली आपण कार्यभार देताना यादीत लिहून देतो. संकेतस्थळाचा पत्ता व परवलीचे शब्द ही किल्लीच होय. त्यासाठी शाळेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल असावा आणि तो कार्यभाराच्या यादीत नोंदवावा.

पत्र न मिळाल्यास दुसरा मार्ग आहे. पॅनलमधील त्रुटींची नोंद उघडावी. तिच्यात बिघडलेल्या फाइलचा मार्ग लिहिलेला असतो. त्यात ‘प्लगइन्स’ या शब्दापुढे जे नाव येते, तेच दोषी प्लगइनच्या फोल्डरचे नाव. फाइल मॅनेजरमध्ये तो फोल्डर शोधून त्याच्या नावापुढे ‘जुने’ अशा अर्थाचा एखादा शब्द जोडावा. नाव बदलले की वर्डप्रेसला ती प्लगइन सापडत नाही व उरलेले संकेतस्थळ चालू होते. मग डॅशबोर्डमधील प्लगइनचे पान एकदा उघडावे. तेथे ती बंद केल्याची नोंद होते. त्यानंतरच फोल्डरला मूळ नाव द्यावे. ही पायरी गाळली, तर नाव परत देताच तीच त्रुटी पुन्हा येईल.

येथे फोल्डरचे नाव बदलावयाचे आहे, प्लगइन काढून टाकावयाची नाही. तिच्या नोंदी व मांडणी डेटाबेसमध्ये असतात आणि नाव बदलल्याने त्यांना धक्का लागत नाही. डॅशबोर्डमधून ‘हटवा’ म्हटले असता मात्र काही प्लगइन आपल्या नोंदीही बरोबर नेतात. नंतर जुनी आवृत्ती हवी असल्यास वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात त्या प्लगइनच्या पानावरील प्रगत विभागात ती बहुधा मिळते.

राखीव प्रत हा शेवटचा उपाय होय. ती बसविण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ही प्रत घेतल्यानंतर संकेतस्थळावर नवे काय आले? जे आले असेल ते प्रथम उतरवून घ्यावे. ते शक्य नसेल, तर कंपनीस केवळ फाइली परत बसविण्यास सांगावे व डेटाबेस तसाच राहू द्यावा. सरावाची प्रत मुख्य संकेतस्थळावर चढवितानाही हीच दक्षता घ्यावी.

मग अपडेट करूच नये काय?

असा प्रश्न काही शिक्षक विचारतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभर सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले व आपल्या देशातील काही विमानतळांवर प्रवेशपत्रे हाताने लिहून द्यावी लागली, हे खरे. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, पन्नास लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या लाइटस्पीड कॅशे या प्लगइनमध्ये अशी फट उघडकीस आली, की परक्या माणसास थेट व्यवस्थापकाचे अधिकार बळकावता यावेत. ६.४ या आवृत्तीने ती बुजविली. ज्यांनी अपडेट केले नाही, त्यांचे दार उघडेच राहिले. मुलांची नावे ज्या घरात ठेवली आहेत, त्याचे दार उघडे ठेवण्याचा आपणांस अधिकार नाही. आणि ती माहितीही कमीत कमी ठेवावी. आधार क्रमांकासारखी तर मुळीच ठेवू नये.

प्रणालीही सुधारत आहे. २०२३ मधील ६.३ या आवृत्तीपासून, फोल्डर बदलताना अपडेट फसले तर जुनी प्लगइन परत बसते. २०२४ मधील ६.६ पासून, आपोआप झालेल्या अपडेटमुळे गंभीर त्रुटी आली तरी जुनी आवृत्ती परत येते. आपण स्वतः कळ दाबून केलेल्या अपडेटनंतरच्या गंभीर त्रुटीस मात्र हे दुसरे संरक्षण नाही. तेथे आपली सावधगिरी हेच संरक्षण.

आपल्या शेजारच्या पैठणास संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती निरनिराळ्या प्रती ताडून पाहून. पाठ शुद्ध करणे आवश्यक होते; पण तपासल्याशिवाय जुना अव्हेरावयाचा नाही, ही दृष्टी त्यामागे होती. आपल्या लहानशा कामातही तीच दृष्टी उपयोगी पडेल.

पाळावयाचा नियम

आठवड्यातून एक दिवस ठरवावा. तो शाळेच्या मधल्या दिवसाचा असावा. सुट्टीच्या आदल्या सायंकाळी किंवा अर्ज चालू असताना अपडेट करू नये. आधी राखीव प्रत घ्यावी. एका वेळी एकच प्लगइन अद्ययावत करावी, मुखपृष्ठ व अर्ज उघडून पाहावेत आणि मगच पुढची घ्यावी. वहीत दिनांक, प्लगइनचे नाव, जुनी व नवी आवृत्ती लिहावी. अडचण आल्यास कंपनीकडे ‘साइट चालत नाही’ असे न लिहिता हीच नोंद, संदेशातील नेमके शब्द व आपण केलेले उपाय कळवावेत. वैद्याकडे गेलेल्या रोग्याने नुसते ‘बरे नाही’ म्हणून कसे चालेल?

त्या सायंकाळी गुरुजींनी अर्जांची यादी कागदावर उतरवून घेतली व पहाटे टोळी निघण्यापूर्वी प्रत्येक पालकास ती वाचून दाखविली. एका आईने आपल्या मुलीचे नाव दोनदा वाचावयास लावले. संकेतस्थळाची निगा कशासाठी राखावयाची, याचे उत्तर तेथे आहे.

स्वाध्याय (केंद्राच्या शिक्षण परिषदेत चर्चेसाठी)

१. आपल्या संकेतस्थळाच्या व्यवस्थापकाचा ईमेल कोणता व तो आज कोणाच्या ताब्यात आहे?
२. राखीव प्रत केव्हा घेतली जाते व केवळ फाइली परत बसविता येतात काय, हे कंपनीस विचारून लिहून आणा.
३. सरावाच्या प्रतीवर एका प्लगइनच्या फोल्डरचे नाव बदलून, प्लगइनचे पान उघडून व नाव पूर्ववत करून पाहा. काय घडले ते क्रमाने सांगा.